लेकरू आज जन्मलं. मग विमा पुढच्या सहामाहीत का?



रिसोडच्या कोणत्याही वस्तीत जा. आयटीआय किंवा बारावी झालेला एक तरी पोरगा पुण्याकडे गेलेला सापडेल. चाकण, भोसरी, रांजणगाव. सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर भूमिहीनाचं घर चालत नाही, म्हणून पोरं खुराड्यासारख्या खोल्यांत आठ-आठ जण राहून कंपनीत राबतात. गावात त्यांना विचारलं की सांगतात, "कंपनीत लागलो." पण ते कंपनीत लागलेले नसतात. ते ठेकेदाराकडे लागलेले असतात. काम कंपनीचं, मशीन कंपनीचं, गणवेश कंपनीचा आणि पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचं.

अशाच एका पोराची गोष्ट सांगतो. त्याचं नाव सांगणार नाही, कंपनीचं आणि ठेकेदाराचंही नाही. कारण हा एका ठेकेदाराचा प्रश्न नाही.

हा पोरगा जुलैत कामाला लागला. पगारातून ईएसआयची कपात पहिल्या महिन्यापासून सुरू झाली, कार्ड हातात पडलं नोव्हेंबरात. पुढच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. जूनमध्ये त्याने ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं, बायकोचं नाव कार्डावर टाका. उत्तर मिळालं, "आता मध्येच नाव टाकता येत नाही. सहामाही संपू दे." सप्टेंबरात सहामाही संपली. ऑक्टोबरात ठेकेदारच बदलला. नव्या ठेकेदाराने नवा विमा क्रमांक काढला आणि सांगितलं, "तुझं आता पहिल्यापासून सुरू." बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जानेवारीच्या शेवटी, दिवस पूर्ण व्हायच्या आधीच बाळ झालं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पोराने पुण्याहून फोन केला, "दादा, कार्डावर तिचं नाव नाई म्हणते. लेकराचं तर कसं राहीन? पुढच्या सहामाहीत टाकू म्हणते. तवरोक काय करू?"

तवरोक त्याने तेच केलं, जे आपले बापजादे करत आले. बायकोच्या कानातलं गहाण टाकलं, सासऱ्याने उसनवारी केली, ठेकेदाराकडून उचल घेतली. आता तो त्याच ठेकेदाराचा कर्जदार आहे. म्हणजे नोकरी सोडायची सोयही गेली.

मित्रांनो, "पुढच्या सहामाहीत" हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. या दोन शब्दांनी आपल्या शेकडो पोरांची फसवणूक होते. आणि हे दोन शब्द धादांत खोटे आहेत.

नियम काय सांगतो?

कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपण जिला ईएसआय म्हणतो ती, तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, दवाखाना. दुसरी, रोख पैसा. ठेकेदार या दोन गोष्टींची खिचडी करतो आणि आपण ती मुकाट खातो.

दवाखान्याचा हक्क, म्हणजे तपासणी, औषधं, दाखल होणं, बाळंतपण, कामगार विमापात्र नोकरीत आला त्या दिवसापासून सुरू होतो. फक्त त्याचा नाही, त्याच्या कुटुंबाचाही. कुटुंबात नवरा किंवा बायको येते, मुलं येतात, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे अवलंबून आई-वडील येतात. कामावर अपघात झाला तर त्याचा लाभही पहिल्या दिवसापासून आहे, त्याला किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही.

हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग अशा मोठ्या उपचारांना मात्र ठरावीक महिने नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, आणि कुटुंबासाठी ही अट कामगारापेक्षा कडक आहे. हे लपवायचं कारण नाही. पण साधा ताप, बाळंतपण, लेकराचा दवाखाना यांना ती अट नाही.

आता सहामाही कुठून आली? ती आली रोख लाभाच्या हिशोबातून. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर ही एक वर्गणीची सहामाही. तिचा लाभ मिळतो पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च ही दुसरी सहामाही. तिचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. कामगार आजारी पडून घरी बसला तर त्याला सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याचा रोख लाभाचा काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. महिला कामगाराला बाळंतपणाच्या रजेचा पगार २६ आठवडे मिळतो, त्यासाठी आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी हवी.

म्हणजे सहामाही आहे ती रोख पैशासाठी. बायकोचं नाव टाकायला सहामाही नाही. लेकराचं नाव टाकायला सहामाही नाही. उलट, योजनेच्या विनियमांनुसार कुटुंबात बदल झाला, लग्न झालं, मूल झालं, तर पंधरा दिवसांत कळवायचं असतं. कायदा म्हणतो पंधरा दिवसांत सांग. ठेकेदार म्हणतो सहा महिने थांब. कोणाचं ऐकायचं, हे आपल्याला माहीत नाही. माहीत नाही, म्हणून त्याचं चालतं.

दुसरं खोटं विमा क्रमांकाचं. कामगाराचा विमा क्रमांक एकच असतो आणि तो आयुष्यभराचा असतो. ठेकेदार बदलला, कंपनी बदलली, जिल्हा बदलला तरी क्रमांक तोच राहिला पाहिजे. नवा क्रमांक काढला की जुन्या वर्गणीचे दिवस जुन्या क्रमांकावर अडकून पडतात आणि पोरगा दर वेळी पहिलीत बसतो. दर सात महिन्यांनी ब्रेक, दर ब्रेकनंतर नवा क्रमांक. याला कोणी निष्काळजीपणा म्हणेल. आम्ही म्हणतो, हा कामगाराला कायम अपात्र ठेवायचा धंदा आहे.

तिसरं खोटं वरच्या मर्यादेचं. ईएसआयला पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, ती १ जानेवारी २०१७ पासून आहे. वर्षाच्या मध्ये पगार वाढून मर्यादेच्या वर गेला म्हणून त्याच दिवशी नाव काढता येत नाही, ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी आणि हक्क दोन्ही चालू राहतात. ओव्हरटाइम मिळून पगार २१,००० च्या वर गेला तर तोही या मर्यादेत धरायचा नसतो. गंमत बघा. नाव टाकायचं असलं की सहामाहीची वाट बघायची, आणि नाव काढायचं असलं की सहामाहीची वाट बघायची गरज नाही! नियम दोन्हीकडून उलटा वाचायचा, आणि दोन्हीकडून मार कामगारालाच.

यात कोणाचे पैसे वाचतात?

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "विम्यात मुदत ठेवावीच लागते. नाहीतर लोक आजारी पडल्यावरच नाव टाकतील." मोठ्या कंपन्यांतल्या खासगी ग्रुप पॉलिसीबाबत हा युक्तिवाद काही अंशी समजू शकतो. तिथे माणसागणिक हप्ता असतो. म्हणून बहुतेक पॉलिसींत लग्न किंवा जन्म झाल्यावर ठरावीक दिवसांत, बहुधा महिनाभरात, नाव कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. बँकेत, आयटीत काम करणाऱ्या आपल्या भावा-बहिणींनी ही मुदत आजच आपल्या एचआरकडून लेखी घ्यावी.

पण ईएसआयमध्ये हा युक्तिवाद उभाच राहत नाही. इथे वर्गणी माणसागणिक नाही, पगारावर आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. पगार १५,००० असेल तर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे. कामगार एकटा असो, त्याला बायको असो, बायको-लेकरू-म्हातारी आई असो, वर्गणी तीच. बायकोचं नाव टाकल्याने ठेकेदाराच्या खिशातून एक रुपयाही जास्त जात नाही. लेकराचं नाव टाकल्याने कंपनीचा एक पैसाही खर्च होत नाही.

मग अडवतात कशासाठी? कारण आपल्या पोराच्या बायकोचं आजारपण हे त्यांच्या लेखी काम नाही. ऑफिसातल्या माणसाची दहा मिनिटं वाचतात, आणि त्या दहा मिनिटांची किंमत आपल्या घरातल्या कानातल्याएवढी.

कामगाराची स्वतःची नोंदणी उशिरा करण्यात मात्र सरळ पैसा आहे. जुलैत लागलेल्याची नोंदणी नोव्हेंबरात दाखवली तर चार महिन्यांची मालकाची वर्गणी वाचली. कामगाराच्या पगारातून कापलेली गेली कुठे, हे विचारायची सोय नाही. कायद्याने नोंदणीसाठी दिवस दिले आहेत, महिने नाहीत. आणि ज्यांना नोंदणी करायला चार महिने लागतात, त्याच ठेकेदारांकडे अपघात झाला की त्याच दिवशी संध्याकाळी पोराचा क्रमांक निघतो! हात मशीनमध्ये गेला की दहा मिनिटांत नोंदणी होते. मग लग्न झाल्यावर का होत नाही? होते. करायची नसते.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखलं होतं

आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर एक पोस्ट फिरते, "ईएसआय बाबासाहेबांनी दिला." विरोधक लगेच म्हणतात, कायदा तर १९४८ चा आणि तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. मित्रांनो, आपल्याला अर्धवट बोलायची गरज नाही. पूर्ण इतिहास आपल्याच बाजूचा आहे.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचं काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. कायदा मंजूर झाला तेव्हा खातं दुसऱ्याकडे होतं, पण पाया घातला गेला तो बाबासाहेबांच्या मजूर खात्यात. एवढं अचूक बोललो तर कोणाच्या बापाला खोडता येणार नाही.

आणि ही सुरुवात १९४३ ची नाही. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण जोवर सरकार तो उचलत नाही तोवर जो मालक त्या बाईच्या श्रमातून फायदा कमावतो त्याने तो दिलाच पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९४३ मध्ये मजूर खात्याचे सदस्य म्हणून खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती त्यांनीच मांडली. बाळंतपणाच्या आधीच्या दिवसांच्या भत्त्याबद्दल कायद्याच्या शब्दांत संदिग्धता होती, ती काढायची होती. देशात महायुद्धाची धामधूम, आणि हा माणूस कोळसा खाणीतल्या बाईला नेमक्या कोणत्या दिवसांचे पैसे मिळणार, ते शब्द दुरुस्त करत बसला होता!

का? कारण त्यांना माहीत होतं, की हक्क मारायचा असेल तर तो नाकारायची गरज नसते. तारीख पुढे ढकलली तरी पुरतं. हक्क कागदावर शाबूत राहतो आणि माणूस दवाखान्याच्या दारात मरतो.

हा जातीचा प्रश्न कसा?

कोणी म्हणेल, ठेकेदार काय जात बघून नाव अडवतो का? मराठ्याच्या, कुणब्याच्या, मुसलमानाच्या, बंजाऱ्याच्या पोराचंही तो अडवतो. बरोबर आहे, त्यांचंही अडवतो. म्हणून ही लढाई त्यांचीही आहे, आणि त्यांना सोबत घ्यायला आपण पुढे गेलं पाहिजे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. एकच सांगितला नव्हता.

पण एकदा कारखान्यात, दवाखान्यात, नगरपालिकेत उभं राहून बघा. वर कायम नोकरदार. त्याच्या खाली कंत्राटी. त्याच्या खाली रोजंदार. त्याच्याही खाली अप्रेंटिस, ज्याला अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं असेल तर ईएसआय लागूच होत नाही, म्हणून तर आता अप्रेंटिसची भरती जोरात आहे. कायम माणसाच्या बायको-मुलांचा उपचार पहिल्या दिवसापासून. कंत्राटीच्या बायको-मुलांचा ठेकेदाराच्या मर्जीपासून. रोजंदाराचा कधीच नाही. चौघेही एकाच नळाचं पाणी पितात, पण चौघांच्या लेकरांच्या जिवाची तारीख वेगळी. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते हेच. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याला शिव्या देतो आणि खालच्याकडे बघून समाधान मानतो. म्हणून एकत्र कोणीच येत नाही.

आता सांगा, या पायऱ्यांवर वर कोण आहे आणि खाली कोण? गटारात उतरणारा, कचरागाडीवर लटकणारा, वॉर्डात मैला उचलणारा कोण आहे? ज्या कामाला आजही जात चिकटलेली आहे तेच काम सगळ्यात आधी ठेक्यावर गेलं. नोकरी ठेक्यावर गेली की आरक्षण गेलं. आरक्षण गेलं की बढती गेली. आणि आता दिसतंय, की दवाखानाही गेला. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता, राज्यभर पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. तेव्हा आपण आरक्षणावर बोललो, बरोबर बोललो. पण कंत्राटी माणसाच्या बायकोच्या बाळंतपणावर आपल्यापैकी किती जण बोलले?

संविधानाचं कलम ४२ राज्याला सांगतं, कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद कर. १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जगण्याचा हक्क कोणत्या सहामाहीपासून सुरू होतो, हे कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही.

"तुमच्याच पोरांची चूक"

हाही आक्षेप येतो. पोरांनी कागद दिले नाहीत, अर्ज केला नाही, लेखी काही नाही. यात थोडं तथ्य आहे आणि ते आपण मान्य केलं पाहिजे. बौद्ध पद्धतीने लग्न लावतो, पण विवाह नोंदणी करत नाही. १९९८ चा महाराष्ट्राचा विवाह नोंदणी कायदा आहे, नगर परिषदेत, ग्रामपंचायतीत नोंदणी होते, पण आपण ती "गरज लागल्यावर" करतो. सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी केलेलं नसतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. ती बिचारी दोन कार्डांच्या मधल्या फटीत जगत असते. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. पण त्या काउंटरवरही पहिला प्रश्न येतो, "रेशनकार्डात नाव कुठाय?"

पण चूक मान्य करून जबाबदारी कोणाची, हे विसरायचं नाही. १२-१२ तास मशीनवर उभा राहणाऱ्या पोराला विनियम पाठ असावेत अशी अपेक्षा करायची, आणि ज्याच्या ऑफिसात पगारी माणूस याच कामासाठी बसवलाय त्याला नियम माहीत नाहीत म्हणून माफ करायचं, हा कुठला न्याय? कायद्यात वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकावर आहे, ठेकेदाराच्या माणसांचीसुद्धा. "तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे," हे कंपनीचं उत्तर ईएसआयपुढे चालत नाही. मालकाच्या चुकीमुळे कामगाराचा लाभ बुडाला तर महामंडळाने तो लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशीही तरतूद आहे. पगारातून कापून न भरणं हा तर कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे.

आता नवं काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. महामंडळ तेच, योजना तीच, पण कायद्याचं पुस्तक बदललं. संहितेत दोन-तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. जिल्हा अधिसूचित आहे की नाही हा जुना अडसर काढून दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना देशभर ईएसआय लागू केली आहे. धोकादायक कामाच्या ठिकाणी एक कामगार असला तरी ती लागू करता येते. महिला कामगाराच्या कुटुंबात अवलंबून सासू-सासऱ्यांनाही धरलं आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्याला याचा अर्थ मोठा आहे. आजवर आपल्याकडे मोठे कारखाने नाहीत म्हणून ईएसआयचा विषयच नव्हता. आता रिसोडमधलं दहा माणसांचं खासगी रुग्णालय, शोरूम, खासगी शाळा यांनाही विचारता येईल, कामगारांची नोंदणी केली का? पण कागदावर संहिता आली म्हणून दवाखाना आला असं होत नाही. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे, नागपूरला सोमवारी पेठेत आहे. रिसोडच्या बाळंतिणीने तिथवर जायचं का? पोरगा पुण्यात राबतो, कपात पुण्यात होते आणि बायको-लेकरू रिसोडला राहतं, तर त्यांना रिसोडच्या जवळ उपचार मिळाला पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

एक, संहितेच्या नियमांत स्वच्छ लिहा की लग्न, जन्म, दत्तक या दिवसापासूनच कुटुंबाचा उपचाराचा हक्क सुरू होतो. नोंद नंतर झाली तरी हक्क मागच्या तारखेपासून.

दोन, नाव नोंदवायला उशीर झाला आणि खर्च कामगाराच्या खिशातून गेला, तर तो मालकाकडून वसूल करा.

तीन, एका कामगाराचे दोन विमा क्रमांक सापडले तर ते जोडून सगळे दिवस मोजा, आणि दुसरा क्रमांक काढणाऱ्या ठेकेदाराला जबाबदार धरा.

चार, नगरपालिका आणि सरकारी कार्यालयांनी ठेकेदाराचं बिल काढताना वर्गणीच्या चलनासोबत कामगारांच्या कुटुंबाच्या नोंदींची यादीही मागावी. यादी नाही, तर बिल नाही.

पाच, वाशीम जिल्ह्यात ईएसआयच्या कुटुंबांसाठी उपचाराची सोय करा.

आणि आपण काय करायचं?

निवेदन देऊन फोटो काढला की चळवळ झाली, असं समजू नका. १४ एप्रिलला आपण वर्गणी करतो, मंडप टाकतो, डीजे लावतो. यंदा विहारात एक टेबल टाका. एक शिकलेला पोरगा, एक शिकलेली पोरगी, एक मोबाइल. पुण्या-मुंबईहून जयंतीला आलेल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला बसवा. विमा क्रमांक एकच आहे की दोन, हे ईएसआयच्या पोर्टलवर बघा. किती दिवसांची वर्गणी जमा झाली ते बघा. मालकाने मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, ती भरली का बघा. कुटुंबाच्या यादीत बायको, लेकरं, आई-बाप आहेत का बघा. नसतील तर तिथेच अर्ज लिहून द्या, तारीख टाकून, ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांच्या नावाने. पोचपावती घ्यायला सांगा. पोच देत नसतील तर ईमेल करा, रजिस्टर पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांत नाव चढलं नाही तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात तक्रार करा, त्यांच्या "सुविधा समागम" नावाच्या तक्रार बैठकीत जा. एकटा जाऊ नका, पाच जण जा.

ज्याचं लग्न ठरलं त्याला पत्रिका छापायच्या आधी हे सांगा. मंगल परिणयाच्या दिवशी वधू-वरांना संविधानाची प्रत भेट देतो, फार चांगलं करतो. त्या प्रतीत विवाह नोंदणीचा अर्ज आणि ईएसआयमध्ये नाव टाकायचा अर्ज ठेवून द्या. बाबासाहेबांना ही भेट आवडली असती, कारण ते अर्जाच्या कागदालाही कमी लेखत नसत.

आमच्या त्या पोराचं काय झालं? बाळ वाचलं. दोन्ही क्रमांक एक करा म्हणून अर्ज गेला आहे, त्यावर बायकोचं आणि मुलीचं नाव आहे, तारीख आहे, पोच आहे. ठेकेदाराच्या माणसाने पुन्हा तेच म्हटलं, पुढच्या सहामाहीत बघू. या वेळी पोराने त्याला विचारलं, "हे कोणत्या नियमात लिहिलं हाय, ते लिहून दे मले." त्या माणसाने लिहून दिलं नाही. लिहून देता येतच नाही, कारण असा नियमच नाही.

प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक पोराने हा एक प्रश्न विचारायला शिकलं, तर "पुढच्या सहामाहीत" हे शब्द ठेकेदाराच्या तोंडातून निघणं बंद होईल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

जय भीम! जय संविधान!